रिपोर्ट होता, पण निकोटीन तपासलंच नव्हतं

कोल्हापुरात ज्यांची पोरं कॉलेजला आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

माझी बहीण राजारामपुरीत राहते. तिच्या मुलाला व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड विकताना ‘यात निकोटीन अजिबात नाही, नुसता आंब्याचा फ्लेवर’ असं सांगितलं गेलं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबचा रिपोर्ट. पोरानं विचारून, खात्री करून घेतलं होतं. तरी काही आठवड्यांत ती बाटली जवळ नसली की चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष नाही. बहिणीनं मला बोलावलं, तर तो म्हणाला, “मावशी, रिपोर्ट बघ की. सगळं क्लिअर आहे.”

मी रसायनशास्त्र शिकवते. रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शिसं, आर्सेनिक, पारा, जिवाणू, सगळ्यांपुढे ‘आढळले नाही’. निकोटीनची ओळच नव्हती. नमुन्याचं नाव ‘फ्लेवर बेस’ आणि बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. कागद कदाचित खराही असेल, पण तो या बाटलीचा नव्हता. लॅब मागितलं तेवढंच शोधते. न शोधलेली गोष्ट ‘नाही’ म्हणून खपवायची, हीच इथली लबाडी.

ओळखीच्या एका विश्लेषकाकडून बाटली जीसी-एमएस यंत्रावर तपासून घेतली. थेंब मिथेनॉलमध्ये पातळ करून सोडला की त्यातले घटक तापवलेल्या बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग यंत्र प्रत्येकाच्या रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं नोंदवतं. निकोटीनचा रेणू १६२चा, सर्वांत ठळक तुकडा ८४चा. दोन्ही स्पष्ट आले. शुद्ध निकोटीन त्याच यंत्रात चालवून पाहिलं, वेळही तीच. बाकी आलेखावर काही अनोळखी बारीक शिखरं होती. यंत्रानं नावं सुचवली, पण ताडून पाहायला शुद्ध नमुने नाहीत म्हणून विश्लेषकानं ती लिहून दिली नाहीत. या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याची ऋणी आहे. ती शिखरं कशाची, ही काळजी मात्र उरलीच.

काळजीला कारण आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तपासलेल्या ई-सिगारेटच्या ‘निकोटीन नाही’ असं लिहिलेल्या कार्ट्रिजपैकी (लिक्विड भरलेल्या नळ्या) एक सोडून सगळ्यांत निकोटीन निघालं, आणि एका कार्ट्रिजमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, ते याच विषानं. व्हेपच्या लिक्विडच्या पायातही ग्लिसरीन असतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण गेले. मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, जे गोळीत आणि क्रीममध्ये चालतं. प्रामुख्यानं गांजाचा अर्क असलेल्या मालात ते घातलेलं होतं. फुप्फुसात ते काय करील, याचा विचार आधी कोणी केलाच नव्हता.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, रिपोर्ट दिलाय की तुम्हाला.” बिल मागितलं, तर फोन बंद. बिल असणार कुठून? २०१९ च्या कायद्यानं देशात ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘सरकारमान्य’ लिक्विड असं काही आपल्याकडे असूच शकत नाही. कोणी तसं म्हणालं तर तिथंच ओळखा.

भाच्याला डॉक्टरांकडे नेलं, उपचार चालू आहेत. बहीण तक्रारीला कचरत होती, पोराचं नाव येईल म्हणून. शेवटी आम्ही दोघींनी जाऊन पोलिसांत अर्ज दिला, बाटली आणि दोन्ही रिपोर्ट जोडून. पुढच्याच आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं तिच्या भावाच्या मोबाईलवर आलेला रिपोर्ट दाखवला. फ्लेवर पुदिन्याचा, विकणाऱ्याचं नाव दुसरं. नमुना ‘फ्लेवर बेस’, आणि बॅच नंबर अगदी तोच.