गाडी पुसायचे टॉवेल: काट्यावर तोलून, दीड वर्ष वापरून

माझी गाडी गडद निळी आहे. राहते ठाण्यात कासारवडवलीला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ च्या कामाची धूळ आणि डंपरमागे उडणारी खडी, पुढे ठाणे-बेलापूर रोडचा धूर. संध्याकाळी गाडी लावते तेव्हा बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. घेतल्यावर वर्षभरात पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली पहिल्यांदा नीट पाहिलं, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. खूप वाईट वाटलं.

रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे दादा पहाटे पाचला येतात, पंधरा-वीस गाड्या आणि हाताशी एकच बादली. त्यांना मी दोष देत नाही, जे फडकं मिळतं त्यानेच ते पुसणार. मीही सुती पंचानेच पुसत होते. तेव्हापासून दीड वर्ष टॉवेलांच्या मागे लागले आहे, त्याचा हा हिशोब.

सगळ्यात आधी मायक्रोफायबरच्या, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांच्या टॉवेलच्या पाकिटावरचा आकडा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. दुकानात ८०० लिहिलेले जाड दिसणारे टॉवेल घेतले, ४० बाय ४० सेंटिमीटरचे. घरी आईच्या स्वयंपाकघरातला काटा काढला. आई म्हणाली, "अगं, पिठाच्या काट्यावर गाडीचं फडकं?" मी कोरडाच टॉवेल ठेवला. ४० बाय ४० म्हणजे ०.१६ चौरस मीटर, ८०० च्या हिशोबाने १२८ ग्रॅम भरायला हवेत. भरले ७४. म्हणजे जीएसएम जेमतेम ४६० च्या आसपास. दुसरा पाहिला, ७६. टॉवेल वाईट नव्हता, पण पैसे मी ८०० जीएसएमचे मोजले होते. तेव्हापासून नवीन टॉवेल आला की आधी काटा. दहा सेकंदांचं काम आहे, तुम्हीही करून बघा.

जीएसएम जास्त म्हणजे चांगलाच असंही नाही. रोजच्या पुसण्याला ३५० ते ४०० पुरतो. त्याहून जाड टॉवेल घडी करून हातात धरला की हाताखाली काय आहे ते कळत नाही. मेण किंवा पॉलिश उतरवायलाही मला पातळ, आखूड तंतूंचाच बरा वाटतो. जाडीची गरज आहे ती गाडी सुकवताना.

धागा ८० टक्के पॉलिस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड (नायलॉन) हा सर्रास मिळणारा. ७०-३० चा जास्त मऊ आणि जास्त पाणी पिणारा, पण महाग. मी दोन्ही वापरले. दारं-डिकी पुसताना फरक कळला नाही, बॉनेटवर मात्र कळला. चांगल्या मायक्रोफायबरचे धागे मोसंबीच्या फोडींसारखे चिरलेले असतात, त्या फटींत धूळ आणि पाणी अडकतं. कोरड्या, खरबरीत तळव्यावरून टॉवेल फिरवला की तो किंचित अडकतो. गुळगुळीत सरकला तर मी परत ठेवते. पाण्याचा एक थेंबही टाकून बघते. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर तो टॉवेल सुकवण्याच्या कामाचा नाही.

कडेची शिवण आणि लेबल यांच्याकडे मी सुरुवातीला बघितलंच नव्हतं. जुनी सीडी काढून तिच्या चकचकीत बाजूवर टॉवेलची कड घासली, तर ओरखडे उठले. मधल्या भागाने काही झालं नाही. आता लेबल पहिल्या दिवशीच कापते आणि रंगासाठी शिवण नसलेल्या कडांचेच घेते.

सुकवायला ६० बाय ९० चा, पिळदार फासांचा टॉवेल घेतला. काट्यावर ६४० ग्रॅम भरला, म्हणजे पाकिटावरचा १२०० जीएसएमचा दावा जवळपास खरा. यावर माझा जीव आहे. घासायचं नाही. बॉनेटवर अंथरायचा, दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढायचा. एका ओढीत बॉनेट कोरडं. अख्खी गाडी एकदाही न पिळता होते. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, थेंब उन्हात वाळले की पांढरे डाग बसतात आणि ते मग हटत नाहीत. म्हणून संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावरच धुते. टॉवेलची खोट एकच: ओला झाला की इतका जड होतो की पिळताना मनगट दुखतं, आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. पावसाळ्यात मी दोन लहान टॉवेल वापरते.

काचेला वेगळा टॉवेल घ्या, वॅफलसारख्या चौकडीचा, पातळ. काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा तेलकट थर बसतो. रात्री गायमुखच्या चढावर समोरच्या ट्रकचा दिवा पडला की तो झगझगतो. एका ओल्या आणि एका कोरड्या वॅफलने काच स्वच्छ होते. लांब तंतूंच्या टॉवेलने नुसत्या रेषा उठतात.

पुसताना टॉवेलची चार घडी करते. आठ स्वच्छ बाजू मिळतात, मळली की पालटायची. निळे रंगासाठी, पिवळे काचेसाठी, करडे चाकांसाठी. जमिनीवर पडलेला टॉवेल कितीही महाग असो, त्या क्षणापासून चाकांचा.

आता धुणं. नवीन टॉवेल आधी एकदा धुवा, सुटे तंतू निघून जातात. सुती कपड्यांबरोबर कधीच नाही, त्यांचा लिंट (सुटलेले बारीक तंतू) यांना चिकटतो आणि सुटत नाही. पावडर नीट विरघळत नाही म्हणून लिक्विड, थंड किंवा कोमट पाणी. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यांवर थर चढवतो आणि टॉवेल पाणी पिणं सोडतो. एकदा आईने प्रेमाने घातला होता, तीन टॉवेल तसे झाले. परत दोन-तीनदा नुसत्या लिक्विडने धुतल्यावर कामाला आले. इस्त्री आणि गरम ड्रायर बंद, उष्णतेने धागे खराब होतात.

जुन्या रेषा टॉवेलने जात नाहीत, त्या पॉलिश करून घेतल्या. त्यानंतर आजवर नवीन रेषा दिसलेल्या नाहीत. दादांनाही सहा टॉवेल दिले, तीन निळे आणि तीन करडे, आणि एक जास्तीची बादली. पंधरा दिवसांनी सकाळी जिन्यात भेटले, म्हणाले, "ताई, एक निळं खाली पडलं होतं, ते मी करड्यांत टाकलंय. दुसरं आणाल का?"