कोल्हापुरात कारचा एसी: मशीनने गॅस भरून घ्यावा का?

एसी गरम हवा मारतोय म्हटलं की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘गॅस संपलाय.’ पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, तेवढंच. सहा महिन्यांत कूलिंग गेलं असेल, तर गॅस कुठून तरी गळतोय. शिवाजी उद्यमनगरात आणि हायवेच्या गॅरेजांत मिळणारी मशीनने गॅस भरण्याची सेवा याच कसोटीवर तपासायला हवी.

मशीनची मोठी जमेची बाजू म्हणजे वजन. बहुतेक छोट्या गाड्यांत आर-134ए गॅस साधारण 350 ते 500 ग्रॅम बसतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. इंजिन बंद ठेवून नुसतं गेज बघणारा माणूस हा आकडा सांगूच शकत नाही. 30 अंश तापमानाला बंद सिस्टीमचं प्रेशर 95 ते 100 पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिसतं, मग आत 200 ग्रॅम असो की 450. थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही. छोट्या गाडीत 80-100 ग्रॅमचा फरक लगेच जाणवतो. जास्त भरला तरी हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढची जास्त दाबाची बाजू, चढते, कूलिंग घटतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. मशीन जुना गॅस ओढून त्याचं वजन दाखवतं. स्टिकरवर 400 आणि निघाला 150, म्हणजे गळती आहे हे तिथेच सिद्ध झालं. हा आकडा मागून घ्या. ‘टॉप-अप’, म्हणजे जुना गॅस न काढता वरून भर घालून देणाऱ्याकडे तो नसतो, म्हणून टॉप-अपला आमचा साफ नकार.

नवा गॅस भरण्याआधी मशीन पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढतं, तो व्हॅक्यूम. त्याबाबत एक इथली गोष्ट. काटा (पाऱ्याच्या) 29 इंचांवर गेलाच पाहिजे असं सगळीकडे सांगतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाबच कमी. काटा 28च्या आसपास थांबतो. त्याला गळती समजून भांडू नका. वेळेवर मात्र अडून बसा. दहा मिनिटांत उरकलेला व्हॅक्यूम आतली ओल काढत नाही. किमान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण तास. ओल राहिली की ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे कूलिंग कॉइलआधीच्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी गोठते: एसी वीस मिनिटं गार, मग गरम, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार.

ही सेवा कमी पडते ती गळती शोधण्यात. व्हॅक्यूम काही मिनिटं टिकला की मशीन ‘ओके’ म्हणतं. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत जेमतेम 14 पीएसआयचा दाब असतो आणि चालू एसीत हाय साइडला आतून बाहेर 200च्या वर. आत ओढली गेलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) घट्ट बसते, तीच दाबाखाली गळते. बारीक गळती अशी सहज निसटते. इथे उद्यमनगरातली जुनी पद्धत सरस ठरते: कोरडा नायट्रोजन 150 पीएसआयपर्यंत भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं आणि काटा तासभर बघायचा. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे तिथे साबण पोचत नाही. काटा उतरतोय पण बाहेर बुडबुडा नाही, तर संशय तिच्यावर. डॅशबोर्ड उघडण्याआधी ब्लोअरच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर धरायला सांगा.

कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली गॅस थंड करणारी जाळी, तर टॉर्च घेऊन स्वतःच बघता येतो. हायवेचे खडे तिथेच बसतात. खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट डाग, त्यावर चिकटलेली धूळ आणि बोट लावलं की तेलकट: गॅसबरोबर बाहेर पडलेलं कॉम्प्रेसरचं तेल ते. कंडेन्सर बदलला तर त्यात राहून गेलेल्या तेलाची भरपाई करावी लागते, साधारण 20 ते 30 मिली, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. सिस्टीम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर रिसीव्हर ड्रायर (ओल शोषणारी डबी) नवा घाला, त्यात काटकसर नको.

पैसे मोजण्याआधी गॅसचा दोष आहे ना, हेही बघा. गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम, तर कंडेन्सरचा फॅन किंवा त्याचा रिले तपासा. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाड्यांच्या कंडेन्सरवर पाचटाचा भुगा आणि धूळ थापलेली असते. हलक्या धारेने पाणी मारून तो धुवा, जोराच्या प्रेशरने त्याचे पत्र्याचे पातळ पंख वाकतात. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) चढलेली आणि हाय साइड उतरलेली, तर कॉम्प्रेसर दमलाय. त्यात कितीही गॅस भरा, उपयोग नाही.

गाडी ताब्यात घेताना एसी फुल, हवा आतल्या आत फिरती, इंजिन 1500 आरपीएमवर, आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर. पाच-सात मिनिटांत 35 अंशांच्या दुपारी 10च्या आसपास आलं पाहिजे. 15च्या वर राहिलं तर चावी घेऊ नका. आणि दोन्ही सर्व्हिस व्हॉल्व्हच्या (मशीनचे पाइप जोडायच्या तोंडांच्या) प्लॅस्टिक टोप्या परत लागल्यात का ते बघा. आतली पिन किंचित गळत असली तर ती टोपीच गॅस अडवते, आणि घाईत बऱ्याचदा तीच गॅरेजच्या कट्ट्यावर राहते.