बोर्शार्ट की कोन हॅमर माऊजर?

पहिल्या पिढीतलं एकच सेल्फ-लोडिंग (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं) पिस्तूल संग्रहात ठेवायचं म्हटलं, की गाडी फिरून फिरून दोन जर्मन नावांवर येते: ह्यूगो बोर्शार्टचं सी-९३ आणि माऊजरचं सी-९६, तेही सुरुवातीचं 'कोन हॅमर', म्हणजे शंकूच्या घाटाच्या हातोडीचं. (जॅक्सन वधामुळे आपल्याला ठाऊक असलेलं ब्राउनिंगही जवळपास त्याच काळातलं, पण ते इतकं बनलं की दुर्मीळ म्हणवत नाही.)

बोर्शार्ट बर्लिनच्या लुडविग लोएव्हे कारखान्यात आणि नंतर डीडब्ल्यूएम या जर्मन शस्त्र कंपनीकडे तयार झालं. सगळी मिळून तीन हजारांच्या आसपास. मॅक्झिम मशीनगनच्या धर्तीवरचा सांधा गोळी सुटली की गुडघ्यासारखा वर दुमडतो. आठ काडतुसांचं मॅगझिन मुठीत, ही कल्पना पुढे बहुतेकांनी उचलली. पण स्प्रिंगचं घर मुठीच्या मागे भलतंच बाहेर आलेलं, त्यामुळे एका हातात ते कधी नीट बसलंच नाही. गेओर्ग लुगरनं तेच सुटसुटीत केलं आणि १९०० मध्ये स्वित्झर्लंडनं ते स्वीकारलं.

माऊजर हे त्याच कारखान्यातल्या फेडर्ले बंधूंचं; नमुन्यावर १५ मार्च १८९५ ही तारीख आहे. मॅगझिन चापाच्या पुढे, दहा काडतुसं वरून क्लिपनं भरायची. सुटे भाग एकमेकांत अडकतात. स्क्रू लागतो तो फक्त मुठीच्या लाकडाला. १९३७ पर्यंत दहा लाखांच्या घरात बनली.

खरी कसोटी अस्सलपणाची, आणि तिथे माऊजर जास्त दगा देतं. बोर्शार्ट मुळापासून नकली बनवणं परवडणारं नाही. तिथे फसवणूक होते ती स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), पेटी, जादा मॅगझिन अशा जोडसामानात. माऊजर मुबलक, म्हणून साध्या पिस्तुलाला दुर्मीळ प्रकाराचा मुखवटा चढवणं सोपं. पहिल्या महायुद्धातल्या ९ मिमी 'रेड नाइन'चंच बघा: मुठीवर ९ कोरून लाल रंग भरला की झालं. म्हणून मूठ बघून भुलू नका. पिस्तूल उघडून घ्या, लहान भागांवरचे आकडे मुख्य सिरियल नंबरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळवा. नळीच्या कडा गोलावलेल्या, अक्षरं पुसट आणि वर ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) मात्र नवंकोरं दिसलं, तर ते घासून पुन्हा रंगवलेलं समजा.

माझा कौल? ऐपत असेल तर जोडसामानाचा मोह सोडून नंबर जुळणारं नुसतं बोर्शार्ट. नाहीतर कोन हॅमर, झिजलेलं असलं तरी चालेल, पण कुणी हात न लावलेलं.

अमेरिकेत असाल तर नेमकं साल महत्त्वाचं: संघीय कायद्यानं १८९८ पर्यंतचं हत्यार अँटिक ठरतं, राज्याचे नियम वेगळे बघा. भारतात चालू स्थितीतल्या पिस्तुलाला परवाना लागतोच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात.