हळदीच्या अर्काची कॅप्सूल गुडघेदुखीवर: पाच महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. झिजेच्या गुडघेदुखीवर ही कॅप्सूल काम करते, पण थोडंच आणि सावकाश. दुखणं निम्म्यावर येईल या आशेने घेतली तर निराशा होईल. पेनकिलरची एखादी गोळी कमी व्हावी एवढ्यासाठी घेतली तर उपयोग आहे. आणि ती ‘नैसर्गिक’ आहे म्हणून यकृताची तपासणी न करता महिनोन्‌महिने घेत राहणं हा खरोखर धोका आहे. या शेवटच्या मुद्द्यावर खाली मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

वापरलेली कॅप्सूल अशी: 500 मिलिग्रॅम हळकुंडाचा अर्क, त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं असलेले हळदीतले पिवळे घटक, सोबत 5 मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. दिवसाला दोन, सकाळ-संध्याकाळ, पोटभर जेवणानंतर. गुडघ्याची झीज मध्यम. मधुमेह, पित्ताशयात खडे, रक्त पातळ करण्याची गोळी, यातलं काही नाही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण यातलं एक जरी असतं तरी हा प्रयोग करायला नको होता.

क्रम असा ठेवला: पहिले 2 आठवडे कॅप्सूल न घेता फक्त नोंद, मग 8 आठवडे कॅप्सूल, मग 3 आठवडे बंद, मग पुन्हा 8 आठवडे. सुरुवातीचे दोन आठवडे बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. दुखणं अगदी असह्य झालं की माणूस नवीन औषधाकडे वळतो, आणि असह्य झालेलं दुखणं पुढच्या काही दिवसांत आपसूकच थोडं उतरतं. झिजेचं दुखणं असंच वरखाली होत असतं. त्या उताराचं श्रेय मग डबीला मिळतं.

रोज तीन गोष्टी लिहायच्या. रात्री झोपताना दिवसभरातल्या दुखण्याला 0 ते 10 पैकी आकडा. दिवसभरात घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या. आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी, खुर्चीची चाचणी: हाताचा टेकू नसलेली, साधारण 17 इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर आडवे घ्यायचे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. दुखण्याचा आकडा मूडप्रमाणे हलतो, उठबशा तितक्या हलत नाहीत. या काळात नवं तेल, नवा व्यायाम, नवी चप्पल, गुडघ्याचा पट्टा यातलं काहीही सुरू करायचं नाही, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

नोंदवहीत आलेलं असं. कॅप्सूलआधीच्या दोन आठवड्यांची सरासरी 5.6. पहिले तीन आठवडे काहीही फरक नाही. चौथ्या आठवड्यापासून आकडा उतरायला लागला, आठव्या आठवड्याची सरासरी 4.1. उठबशा 10 वरून 12. पॅरासिटामॉल 500 च्या गोळ्या दोन आठवड्यांत 9 लागत होत्या, त्या 4 वर आल्या. बंद केल्यावर पहिला आठवडा तसाच गेला, तिसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा 5 च्या वर. दुसऱ्या फेरीत शेवटी 4.2. दोन्ही फेऱ्यांत सारखंच घडलं, म्हणून फरक खरा मानायला जागा आहे. पण 0 ते 10 च्या मापावर 2 अंक किंवा 30 टक्के उतार पडला तर ठळक फायदा धरतात. इथे तो काठावर आहे. शिवाय कॅप्सूल चालू आहे की बंद हे घेणाऱ्याला माहीत होतं, त्यामुळे अपेक्षेचाही त्यात वाटा असणार. जिना उतरताना बरं वाटलं. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं यांत काहीच फरक पडला नाही.

मोठ्या चाचण्यांशी हे जुळतं. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये 70 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली, निकाल 2020 मध्ये आला. त्यात खोट्या गोळीच्या तुलनेत 100 च्या मापावर दुखणं सुमारे 9 अंकांनी जास्त कमी झालं. गुडघ्यात साठलेलं पाणी मात्र कमी झालं नाही. थायलंडमध्ये 2014 साली 367 रुग्णांच्या चाचणीत रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे दिला तेव्हा तो 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन या पेनकिलरच्या बरोबरीने उतरला. 2019 मध्ये आपल्याकडे 139 रुग्णांवर डायक्लोफेनॅक या पेनकिलरशी तुलना झाली: 28 दिवसांत दुखण्यातला आराम सारखाच, त्रास होणाऱ्यांचं प्रमाण कर्क्युमिनवर 13 टक्के तर डायक्लोफेनॅकवर 38 टक्के. जाहिरातींत हीच चाचणी सारखी दाखवतात, पण त्यात कोण काय घेतंय हे रुग्णांना ठाऊक होतं आणि ती फक्त 28 दिवसांची होती. डायक्लोफेनॅक पोटाला आणि किडनीला काय करतं हे माहीत असणाऱ्याला तरीही हा पर्याय महत्त्वाचा वाटेलच, आणि वाटावाच.

आता लेबल. ‘हळद 1000 मिलिग्रॅम’ आणि ‘हळदीचा अर्क 500 मिलिग्रॅम, 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या हळदीत कर्क्युमिन 3 टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे पहिल्या कॅप्सूलमध्ये 30 मिलिग्रॅम, दुसरीत 475. हळदीच्या दुधात एक सपाट चमचा, म्हणजे 3 ग्रॅम हळद घातली तरी हाती 90 मिलिग्रॅमच लागतं. दिवसाच्या दोन कॅप्सूलइतकं कर्क्युमिन हळदीतून हवं असेल तर रोज 30 ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. सांगलीची असो वा वायगावची, एवढी कुणी खात नाही आणि खाऊही नये. ‘आजी हळदीचं दूध देत होती, तिला कुठे काय झालं’ हा दाखला म्हणूनच या कॅप्सूलला लागू होत नाही.

मिऱ्याचं गणितही नीट समजून घ्या. ‘2000 टक्के जास्त शोषण’ हा आकडा 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासातला आहे: 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीस पट झालं. पण नुसतं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ सापडतच नव्हतं, त्याचे हे वीस पट. पायपरिन हे करतं कसं, तर परकं द्रव्य निकामी करणाऱ्या यकृतातल्या आणि आतड्यातल्या यंत्रणेला आवर घालून. ती यंत्रणा बाकीच्या औषधांसाठीही तीच असते. फिटवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन आणि बीपीवरचं प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण पायपरिनने वाढतं, हे मोजून दाखवलेलं आहे. लेसिथिन या स्निग्ध घटकात बांधलेला किंवा ‘नॅनो’ केलेला अर्क वेगळ्या वाटेने जास्त शोषला जातो. म्हणून एका डबीवरचे मिलिग्रॅम दुसऱ्या डबीशी ताडून पाहू नका.

घरी एक छोटी परीक्षा करता येते. कॅप्सूल उघडून भुकटी पांढऱ्या बशीत घ्या. चांगला अर्क हळदीसारखा पिवळाधमक नसतो, नारिंगीकडे झुकतो, आणि वास अगदी मंद येतो, कारण वास देणारं तेल अर्क काढताना मागे राहतं. थोडं पाणी घाला: भुकटी विरघळत नाही, तवंगासारखी वर राहते. पाणी झटकन एकसारखं पिवळं झालं तर रंगाचा संशय घ्या. मग खायच्या चुन्याची कणी टाका. लालभडक-तपकिरी रंग येतो, हळदीचं कुंकू होतं तसाच. यातून हळदीचा घटक आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. त्यासाठी उत्पादकाकडून त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागायचा. त्यात तीन कर्क्युमिनॉइड्स वेगवेगळी दाखवलेली हवीत, आणि शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांचे आकडेही. तीनऐवजी एकच कर्क्युमिन दिसलं तर माल हळकुंडातून नाही, कारखान्यात रसायनांपासून बनलेला असण्याची शक्यता दाट. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर ती डबी घेऊ नका. डबीवर 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक किंवा आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना, बॅच नंबर आणि मुदत हे तर हवंच.

याहून घातक प्रकार म्हणजे गावोगाव विकली जाणारी सुटी ‘जडीबुटीची’ पुडी. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ओळख सोपी आहे: हळदीला तीन-चार आठवडे लागतात, पुडीने रात्रीत गुडघा मोकळा होतो, भूक वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल दिसतं, साखर आणि बीपी चढतं. अशी पुडी महिनाभर घेतली असेल तर ती एका दिवसात स्वतःहून तोडू नका. पुडीतल्या स्टेरॉइडमुळे शरीरात स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता यकृत. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या गटाने 2022 मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे झालेल्या 10 केसेस मांडल्या. त्यांतली एक व्यक्ती दगावली. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 हा एकच जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे बहुतेकांना काही होणार नाही, पण काहींचं शरीर या अर्कावर उलटतं, आणि ते कोणाचं हे आधी कळत नाही. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानेही इशारा दिला, 2023 मध्ये. त्रास बहुधा सुरू केल्यापासून 1 ते 4 महिन्यांत दिसतो, म्हणजे ‘दोन महिने घेतली, काही झालं नाही’ यावर विसंबता येत नाही. जास्त शोषणाच्या कॅप्सूलमध्ये ही भीती जास्त.

म्हणून सुरू करण्याआधी, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी. या वापरात तिन्ही वेळा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा त्या तपासणीतला आकडा, मर्यादेत राहिलं. ते मर्यादेच्या तिप्पट गेलं, किंवा काविळीत वाढणारं बिलिरुबिन चढलं, तर कॅप्सूल लगेच बंद. तपासणीची वाट न पाहता बंद करण्याची लक्षणं: अन्नावरची वासना उडणं, मळमळ, अंगाला खाज, डोळे पिवळे, लघवी गडद. इथे एक चूक हमखास होते. ‘हळद घेतोय म्हणून लघवी पिवळी’ असं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. हळदीने शौचाला पिवळेपणा येऊ शकतो, तो चालतो. चहाच्या काळ्या पाण्यासारखी लघवी हळदीची नसते, काविळीची असते.

वॉरफरिन किंवा असिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही कॅप्सूल घेऊच नये. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवा. पित्ताशयात खडे असतील तर नको: कर्क्युमिनने पित्ताशय आवळतं, आणि खडा नळीत अडकला की कळ काय असते ते ज्याला अडकलाय तोच जाणे. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा, कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं. गरोदरपणात नको. पोटाचं म्हणाल तर उपाशीपोटी घेतल्यास जळजळ होते. तूप-तेल असलेल्या जेवणानंतर ती होत नाही आणि शोषणही सुधारतं.

हळदीने आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर मात्रा वाढवत बसू नका, बंद करा. दुसरा पर्याय सालईच्या डिंकाचा, म्हणजे शल्लकीचा. ही आपल्या सातपुडा-मेळघाटातली झाडं, आणि तिचा चांगला अभ्यासही नागपुरातच झाला आहे. 2003 मध्ये 30 रुग्णांना आळीपाळीने आठ-आठ आठवडे खरी आणि खोटी कॅप्सूल दिली, तेव्हा खऱ्या कॅप्सूलवर दुखणं आणि सूज दोन्ही उतरली. 2007 मध्ये 66 रुग्णांवर वॅल्डेकॉक्सिब या पेनकिलरशी तुलना झाली: शल्लकीचा परिणाम उशिरा, दुसऱ्या महिन्यात सुरू झाला, पण बंद केल्यावरही महिनाभर टिकला. हळद आणि शल्लकी दोन्ही एकत्र असलेली कॅप्सूल पहिल्यांदाच घेऊ नका. फायदा कशाचा आणि पुरळ कशाने, दोन्ही कळणार नाही.

महिन्याचा खर्च पॅरासिटामॉलच्या कितीतरी पट होतो, त्यात तीन एलएफटी धरा. वजन तीन-चार किलो उतरवणं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा रोजचा व्यायाम यांनी याहून जास्त मिळतं. ते चालू नसेल तर आधी तेच सुरू करा, कॅप्सूल नंतर.

डबी संपली तरी तिचं झाकण आणि बॅच नंबरचा कागद सहा महिने जपून ठेवा. काही त्रास झालाच तर पीव्हीपीआय, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम, याच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं. तिथे बॅच नंबरही लागतो, आणि नेमका तोच फेकून दिलेला असतो.