न्यू जर्सीतल्या एकाच डिस्ट्रिक्टच्या दोन प्रीस्कूल: दोन्हीकडे मूल घातल्यानंतरचा अनुभव

रजिस्ट्रेशनचे दिवस आले की आपल्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न सुरू होतो: डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फुकट प्रीस्कूलपैकी कुठली चांगली? माझा मोठा मुलगा डिस्ट्रिक्टच्या एलिमेंटरी शाळेतल्या प्रीस्कूल वर्गात पूर्ण वर्ष होता. धाकटी सप्टेंबरपासून डिस्ट्रिक्टशी करार असलेल्या एका खाजगी सेंटरमध्ये जाते. म्हणजे पैसे सरकारचे, अभ्यासक्रम डिस्ट्रिक्टचा, फक्त इमारत वेगळी. दोन्हीकडे पुरेसे महिने काढलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज. सेंटरमधली जागा मिळाली की लोकांचा चेहरा पडतो. ‘अगं, ते तर डे-केअर!’ तसं नाहीये. न्यू जर्सीत ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ खटल्याच्या १९९८ च्या निकालानं गरीब शहरी डिस्ट्रिक्टना ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी दर्जेदार प्रीस्कूल देणं बंधनकारक केलं. पुढे राज्याच्या अनुदानातून इतर अनेक डिस्ट्रिक्टमध्येही ती सुरू झाली. वर्ग शाळेत भरो नाहीतर सेंटरमध्ये, नियम तेच: एका वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, एक प्रमाणित शिक्षिका, एक असिस्टंट आणि ६ तासांचा दिवस. मोठ्याच्या आणि धाकटीच्या वर्गांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते कळणार नाही. तेच ब्लॉक्स, तोच रेतीचा टेबल, त्याच लेबलं लावलेल्या टोपल्या.

आणि कृपा करून शाळेचं रेटिंग बघून प्रीस्कूल निवडू नका. वेबसाइटवरचे ते आकडे मुख्यतः राज्याच्या परीक्षांवरून निघतात आणि त्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. चार वर्षांच्या मुलाच्या वर्गात काय चाललंय, ते त्या आकड्याला ठाऊकच नसतं.

मग फरक कुठे पडतो? आमच्या घरात सर्वात मोठा फरक पडला तो दुपारी. फुकट असतात ते ६ तास. शाळेतला वर्ग सुटला की गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं, खिडकीत नावाचा कागद लावायचा, मूल गाडीत बसलं की पुढे. शिक्षिकेशी बोलायला वेळच नाही. शाळेच्या आफ्टरकेअरमध्ये प्रीस्कूलची मुलं घेत नव्हते, त्यामुळे नवरा आणि मी मीटिंग्ज सांभाळत दुपार कशीबशी ओढत होतो. सेंटरमध्ये पैसे भरून मूल सकाळी लवकर ते संध्याकाळपर्यंत त्याच इमारतीत राहतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी राज्यातल्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. तेव्हाही सेंटर उघडं होतं, अर्थात जादा पैसे देऊन. न्यायला मी वर्गाच्या दारापर्यंत जाते, सही करते आणि आज ती कोणाशी भांडली, जेवली का, झोपली का, हे उभ्या उभ्या कळतं.

‘नुसतं खेळतात, ए-बी-सी-डी कधी शिकवणार?’ ही तक्रार दोन्हीकडे ऐकली. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये हायस्कोप नावाचा अभ्यासक्रम आहे. त्यात मूल आधी सांगतं मी काय करणार, मग ते करतं, मग काय केलं ते सांगतं. ऑक्टोबरमध्ये धाकटी नुसती बोट दाखवून ‘तिकडे’ म्हणायची. परवा पालकांना वर्गात बोलावलं होतं, तेव्हा म्हणाली, ‘मी बस बनवणार, पण दार उघडणारी.’ शिक्षिकेनं तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून घेतले. नंतर दार काही उघडेना, तेव्हा का उघडत नाही यावर दोघींची बरीच चर्चा झाली. मला हे अक्षरं गिरवण्यापेक्षा मोलाचं वाटतं. मोठ्याच्या शाळेत हाच कार्यक्रम होता, पण जेवणाची आणि जिमची वेळ मोठ्या मुलांच्या वेळापत्रकात बसवावी लागे आणि शेवटचा ‘काय केलं ते सांगा’ भाग हमखास कापला जाई. सेंटरमध्ये सगळी मुलं लहानच, त्यामुळे दिवस त्यांच्या कलानं चालतो.

शाळा कुठे सरस ठरते, तेही सांगते. मोठ्याचे उच्चार स्पष्ट नव्हते. मी डिस्ट्रिक्टला लेखी विनंती दिली. लेखीच द्या, कारण विनंती पोचली की २० दिवसांत मीटिंग घ्यायची असा नियम आहे, आणि तोंडी बोलण्याची तारीख कुठे नोंदली जात नाही. तपासणी मोफत झाली आणि स्पीच थेरपिस्ट त्याच इमारतीत होती. ती त्याला वर्गातून घेऊन जायची आणि शिक्षिकेला कॉरिडॉरमध्ये गाठून काय चाललंय ते सांगायची. सेंटरमध्येही हा हक्क आहेच, पण थेरपिस्ट बाहेरून येते आणि बर्फ पडला की तिचा दिवस बुडतो. मुलाला आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेनं आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) असेल किंवा ती लागेल अशी शंका असेल, तर मी डोळे मिटून शाळेची इमारत मागेन.

सेंटरबद्दल माझी खरी नाराजी असिस्टंटवरून आहे. हिवाळ्यात जुनी गेली, नवी आली, तीही टिकली नाही. त्या काळात धाकटी सकाळी दारातच पाय रोवून उभी राहायची. शिक्षिका उत्तम आहे, पण शू, जेवण, कोट, झोप हे सगळं असिस्टंटच्या हातात असतं. म्हणून बघायला गेलात की अभ्यासक्रमाचं नाव विचारत बसू नका, ते डिस्ट्रिक्टभर एकच असतं. असिस्टंट किती दिवस आहे, ते विचारा.

किरकोळ गोष्टी: घरच्या भाषेच्या फॉर्मवर बिनधास्त ‘मराठी’ लिहा. इंग्रजी लिहिलं नाही तर मूल मागे ठेवतील ही भीती आमच्याकडे तरी फोल ठरली. उलट शिक्षिकेनं ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘शू’ असे शब्द मागून घेतले. दोन्ही वर्गांत शेंगदाणे बंद, त्यामुळे दाण्याचं कूट घातलेलं काही डब्यात चालत नाही. सेंटरच्या जेवणात बीफ असतं त्या दिवशी वेगळं देतात, पण मेनू महिन्याच्या सुरुवातीलाच वाचून सांगावं लागतं.

आमचा हिशेब असा: दोघांची ऑफिसं आणि मूल ठीकठाक बोलतंय, तर सेंटर. घरी कोणी असेल किंवा थेरपी लागणार असेल, तर शाळा. फॉर्मवर पसंती लिहिता येते, तरी जागा डिस्ट्रिक्टच देतं. पत्त्याचे पुरावे आणि लसीकरणाचा कागद आधी काढून ठेवा. फ्लूची लस ३१ डिसेंबरच्या आत द्यावीच लागते, त्यामुळे डॉक्टरची वेळ ऑक्टोबरमध्येच घेतलेली बरी. डिसेंबरात मिळत नाही.