हिप्नोबर्थिंग: पैसे वसूल झाले, पण जाहिरातीतल्या कारणासाठी नाही

मुलगी आता आठ महिन्यांची आहे, त्यामुळे शांत डोक्याने लिहिते. हिप्नोबर्थिंग म्हणजे श्वास आणि स्वसंमोहनाच्या सरावाने बाळंतपणाच्या कळा सोसायला शिकवणारा कोर्स; तो मी केला. आधी हे सांगून टाकते, की दुखतं. जाहिरातीतल्या बायका ज्या प्रसन्न चेहऱ्याने बाळंत होतात तसा माझा चेहरा एक क्षणही नव्हता. तरी मैत्रिणींनी विचारलं की मी "कर" म्हणते, पण नवरा रोज थोडा वेळ काढणार असेल तरच. एकटीने करायचं असेल तर फी वाचव.

भीती वाटली की अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते, हे ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच मांडलं होतं. त्याच धाग्यावर मेरी मोंगन यांनी अमेरिकेत १९८९ मध्ये हिप्नोबर्थिंगचा कोर्स उभा केला. संमोहन म्हणजे लोलक-बिलोलक काही नाही. आपण जाग्या असतो, सगळं ऐकू येतं. चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर, जबडा सैल, खांदे सैल. हात बधिर झालाय अशी कल्पना करून तो बधिरपणा पोटाकडे न्यायचा, असाही एक प्रकार असतो. मला तो कधीच जमला नाही.

सराव पाचव्या महिन्यापासून. रेकॉर्डिंगमध्ये अमेरिकन बाई आणि मागे समुद्र. माझ्याआधी नवराच घोरायला लागायचा. शेवटी त्याने स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड केलं, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्टीसकट. ते मात्र लागू पडलं. त्याहून कामाचं म्हणजे तो खांद्यावर हात ठेवून "सोड" म्हणायचा आणि मी खांदे सोडायचे. दिवसेंदिवस हेच. नंतर नंतर हात पडला की खांदे आपोआप खाली यायला लागले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नवरा बातमी कळल्यावर पेढे घेऊन येणार, ही आमच्याकडची रीत. आई म्हणालीच, "अगं, पुरुषाचं काय काम तिथे?" मग मी पुण्यातच राहिले आणि आईच इकडे आली.

पाणी रात्री गेलं, कळा काही येईनात, म्हणून सलाइनमधून औषध सुरू केलं. त्या कळा मध्ये दम घेऊ देत नाहीत. पाठीवरून बोटं हलकेच फिरवायचं कोर्समध्ये शिकवलं होतं. पहिल्याच मोठ्या कळेला मी नवऱ्याचा हात झटकला. मला हवा होता माकडहाडाच्या वर तळव्याचा दाब, आणि तोही पूर्ण ताकदीने. तो दाबत राहिला, मोजत राहिला. सिस्टरबाई ट्यूबलाइट घालवायला तयार नव्हत्या आणि फोनवर मोठमोठ्याने बोलत होत्या. मंद दिवे, शांतता वगैरे विसरा.

पुढे मी एपिड्युरल मागितलं, म्हणजे पाठीत सुई घालून कळांची वेदना कमी करणारं औषध. सुई घालताना नवऱ्याला बाहेर काढलं. पाय खाली सोडून, उशी कवटाळून, पाठ वाकवून बसायचं आणि कळ आली तरी हलायचं नाही. मी म्हटलं, "येतेय, थांबा." चार आत, आठ बाहेर. खांदे खाली गेले, पाठ जागची हलली नाही. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "छान, अशाच बसा." कोर्सची फी माझ्या लेखी तिथेच वसूल झाली.

एपिड्युरल घेतलं म्हणजे कोर्स वाया गेला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) नऊ चाचण्या आणि सुमारे तीन हजार बायका होत्या. संमोहन शिकलेल्यांमध्ये वेदनाशामकांचा एकूण वापर कमी दिसला, एपिड्युरलमध्ये मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. त्यामुळे "औषधाशिवाय होईल" असं कोणी ठामपणे सांगत असेल तर तिथून उठा.

नंतरही उपयोग झालाच. टाके घालताना, पहिल्या आठवड्यात दूध पाजताना ओटीपोटात कळा यायच्या तेव्हा. नवरा ते रेकॉर्डिंग आता स्वतः झोपायला लावतो.

नाव घालायच्या आधी दवाखान्यात विचारा: नवरा शेवटपर्यंत आत राहू शकतो का, रात्रपाळीतही? एपिड्युरलच्या वेळी? उठून बसायला, चालायला देतात का? केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबायला मान्यता दिली आहे, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही. उत्तर "बघू" असं आलं, तर ते "नाही" समजा आणि सातव्या महिन्याच्या आत दुसरीकडे चौकशी करा.