२८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह: फ्रिजवरून खाली उतरवला, तेव्हा कामाला लागला

२०२१च्या दिवाळीत आम्ही मायक्रोवेव्ह घेतला. २८ लिटरचा, कन्व्हेक्शनवाला म्हणजे ओव्हनसारखं भाजताही येणारा, साडेतेरा हजारांना. डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे आणि माणसं चार: मी, नवरा, लेक आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. आम्ही दोघं सकाळी साडेसातच्या आत घराबाहेर, लेक कॉलेजात. दुपारी सासूबाई एकट्याच जेवतात. त्यांना गॅसपाशी उभं राहायला लागू नये आणि गारही जेवायला लागू नये, एवढ्यासाठी हा खर्च केला होता. पहिली दोन वर्षं नेमकं तेच साधलं नाही.

दुकानात लिटर किती, ऑटो मेनू (एका बटणावर पदार्थाची आयती ठरलेली वेळ) किती, हप्ता किती हे सगळं बोलणं झालं. घरात ठेवणार कुठे, हे कुणी विचारलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. ओट्यावर गॅस, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर ठेवला की ओटा संपतो. मग वायरमनने फ्रिजच्या वर पॉइंट काढून दिला आणि सतरा-अठरा किलोचं ते धूड डबल डोअर फ्रिजच्या डोक्यावर चढलं. म्हणजे आतली काचेची थाळी जमिनीपासून जवळजवळ साडेपाच फुटांवर. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच.

२०२३च्या जूनमध्ये गरम वरणाचं भांडं खाली घेताना ते त्यांच्या हातावर सांडलं. भांडं डोक्याच्या वर, आत किती भरलंय ते दिसेना, कड बोटांना चटकली आणि तोल गेला. मनगटापासून वर फोड आले होते. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांनी एक फोनसुद्धा केला नव्हता. ‘तू कामात असशील,’ म्हणाल्या. त्यानंतर त्या मायक्रोवेव्हच्या वाटेला गेल्या नाहीत. पोळी-भाजी गारच खायच्या.

म्हणून हे लिहिताना मी जागेबद्दलच जास्त लिहिणार आहे. मायक्रोवेव्ह कुठला घ्यावा ह्यापेक्षा तो किती उंचीवर ठेवावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. जो माणूस तो सगळ्यात जास्त वापरणार, त्याच्या कोपराच्या खाली आतली थाळी यायला हवी. मी टेप घेऊन सासूबाईंचं कोपर मोजलं, ३६ इंच भरलं. सुताराकडून ३० इंच उंचीचं प्लायवूडचं मजबूत टेबल करून घेतलं आणि स्वयंपाकघर नि हॉल यांच्यामधल्या पॅसेजमध्ये ठेवलं. आता भांडं वरून दिसतं आणि दोन्ही हातांनी सरळ बाहेर घेता येतं.

दुसरी गोष्ट दाराची. आमच्या मायक्रोवेव्हचं दार डावीकडे उघडतं. म्हणजे गरम भांडं टेकवायला मोकळी जागा उजवीकडे हवी, डावीकडे ठेवलं तर दारच मध्ये येतं. टेबल त्यामुळे लांब करून घेतलं आणि उजव्या हाताला १४ इंच जागा मोकळी सोडली. तिथे लाकडी पाट असतो, दुसरं काहीही ठेवायचं नाही असा घरात नियम आहे. मागे आणि वर हवा खेळायला जागा सोडावीच लागते, झाकण म्हणून वर क्रोशाचा रुमाल किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा नको. गॅसच्या शेजारी तर नकोच, फोडणीचं तेल आणि वाफ सतत अंगावर येते. आणि विजेसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर कन्व्हेक्शन चालवू नका, वायर तापते.

सासूबाईंना अजून एक भीती होती, ‘किरणं’ बाहेर येतात ही. शेजारच्या काकूंनीही तसंच सांगितलेलं. मी त्यांना दाराच्या काचेतली जाळी बोट ठेवून दाखवली. अन्न गरम करणाऱ्या आतल्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, आणि जाळीची भोकं साबुदाण्याहूनही लहान. ती त्यातून निसटत नाही, आणि दार उघडलं की त्या क्षणी लहरी तयार होणं बंद होतं. दार वाकलं किंवा नीट लागेनासं झालं, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही, हेही सांगितलं. ते त्यांना पटलं.

आता रोजचं काम. भात उत्तम गरम होतो, फक्त वर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवायचं, एका ताटाच्या भाताला दीड मिनिट पुरतं. वरण, आमटी, उसळ मध्येच एकदा थांबवून ढवळायची, नाहीतर कडेला उकळते आणि मध्ये गार राहते. वाटीभर शेंगदाणे तीन मिनिटांत भाजले जातात, दर मिनिटाला हलवून. उडदाचा पापड पाऊण मिनिटात. पोळीला मात्र तवाच. मायक्रोवेव्हमधून काढलेली पोळी दोन मिनिटांत चिवट होते आणि भाकरीचं तर बघवत नाही. अंडं कवचासकट कधीही ठेवू नका, फुटतं.

पॉवर लेव्हल हे बटण बहुतेक घरांत कुणी वापरत नाही, आणि मला तेच सगळ्यात उपयोगी वाटतं. ५० टक्के ठेवलं की ताकद अर्धी होत नाही, आमचं मशीन थोडा वेळ पूर्ण चालतं, थोडा वेळ थांबतं. कान दिलात तर घरघर बदलते ती ऐकू येते. त्या थांबण्यात उष्णता आतपर्यंत मुरते. साईचं दूध, पनीरची भाजी, फ्रिजमधला शिरा ह्यांना हेच हवं. शेकड्यांनी दिलेले ऑटो मेनू मी चार वर्षांत दोनदा वापरले असतील.

सगळ्यात अवघड गेली ती स्टीलची सवय. मायक्रोवेव्हमध्ये स्टील चालत नाही, आणि आपलं अख्खं स्वयंपाकघर स्टीलचं, भाजी डब्यात, डबा फ्रिजमध्ये. आता रात्रीच उरलेलं सगळं काचेच्या भांड्यांत काढून ठेवते, म्हणजे दुपारी त्यांना उलटापालट करावी लागत नाही. सोनेरी काठाचा कपही चालत नाही, आमच्याकडे एकदा ठिणग्या उडाल्या. प्लॅस्टिकचे डबे मी गरम करायला वापरत नाही. आतल्या बाजूला भिंतीवर राखाडी पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो, तो काढून टाकू नका, फक्त पुसा. त्यावर अन्न उडून जळालं की तिथेही ठिणग्या येतात. भांडंभर पाण्यात लिंबाची फोड टाकून तीन मिनिटं चालवायचं आणि पाच मिनिटं दार बंद ठेवायचं, मग डाग ओल्या फडक्याने निघतात.

कन्व्हेक्शनवर लेक नानकटाई करते, छान होते. पण महिन्यातून एखादवेळी. काम संपल्यावर आतला पंखा चालू राहतो, तो थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. आज घ्यायचा झाला तर मी २० लिटरचा साधा सोलो, म्हणजे कन्व्हेक्शन नसलेला, घेईन आणि वाचलेले पैसे टेबल, पॉइंट आणि काचेच्या भांड्यांवर घालीन.

एक तक्रार आहे. बटणं सपाट आहेत, बोटांना काही कळत नाही आणि सासूबाईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत. ३० सेकंदांच्या बटणावर मी लाल टिकली चिकटवली. दूध दोनदा, भात तीनदा, वरण चारदा दाबायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पुसताना टिकली निघाली की त्या आपल्या पाकिटातली नवी लावतात.